लोअर वेस्ट साइड छायाचित्रमालिका

लोअर वेस्ट साइड छायाचित्रमालिका : अमेरिकन छायाचित्रकार मिल्टन रोगोविन (१९०९–२०११) यांनी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या एका गरीब, बहुवंशीय वस्तीत टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे. रोगोविन व्यवसायाने नेत्रतपासनीस होते. १९५७मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या साम्यवादविरोधी चौकशी समितीने त्यांना पाचारण केले. त्यानंतरच्या बदनामीने व्यवसाय बसला आणि ते छायाचित्रणाकडे वळले. १९७२पासून त्यांनी या वस्तीतील पोर्तो रिकन, कृष्णवर्णीय, इटालियन व मूलनिवासी वंशाच्या रहिवाशांची छायाचित्रे रस्त्यावर, दारात आणि घरात घेतली. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यात, १९९०च्या दशकाच्या आरंभी आणि २०००नंतर त्यांनी त्यांतल्याच अनेकांना शोधून पुन्हा टिपले. या मालिकेचे खरे महत्त्व या पुनर्भेटींत आहे. एकटे छायाचित्र वस्ती कशी आहे एवढेच सांगते. ती बदलली की नाही, हे कळायला त्याच माणसाचे दुसरे छायाचित्र लागते. पहिल्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान, १९८३मध्ये, शेजारच्या लॅकवॉना येथील बेथलेहेम कंपनीच्या कारखान्यातील पोलाद उत्पादन थांबले. अशा पडझडीच्या काळात माणसे कशी वाढली, थकली, सावरली, हे शेजारी-शेजारी मांडलेल्या तीन-चार छायाचित्रांत दिसते.

ही मुळात रस्त्यावरची छायाचित्रे नव्हेतच, असा एक आक्षेप घेता येतो : रोगोविन परवानगी मागत आणि माणसे कॅमेऱ्यासमोर स्वतःहून उभी राहत, त्यामुळे नकळत टिपलेल्या क्षणाची सहजता येथे नाही. पण कसे उभे राहायचे, कोणाला जवळ घ्यायचे हे त्या माणसाने ठरवले, तर तो निर्णय हाही त्याच्या रोजच्या जगण्याचाच पुरावा ठरतो. शिवाय ज्याला नकळत टिपले त्याला बारा वर्षांनी शोधायचे कसे? रोगोविन छायाचित्राची प्रत त्या-त्या माणसाला देत; त्यातून जुळलेल्या ओळखीमुळेच पुन्हा जाणे शक्य झाले. गरिबीचे प्रदर्शन मांडल्याच्या आरोपालाही हेच उत्तर आहे, कारण प्रदर्शनासाठी एक फेरी पुरली असती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जे वस्तीत वा आसपास टिकले तेच पुन्हा सापडले. जे दूर गेले, तुरुंगात गेले किंवा वारले, ते नंतरच्या छायाचित्रांत फारसे नाहीत. म्हणून या मालिकेवरून वस्तीच्या लोकसंख्येविषयी अनुमान काढणे चूक ठरेल. मात्र शहरात होणारा बदल आकडेवारीत समूहाचा असतो, आणि तो सोसतो एकेक माणूस. त्या माणसाचा चेहरा नोंदवण्याचे काम या मालिकेइतक्या चिकाटीने फार थोड्यांनी केले आहे. रोगोविन यांचा छायाचित्रसंग्रह १९९९मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्वीकारला.