हेल्मेट तेवढं घेऊन या

इंग्लंडमधल्या कार्टिंगच्या ट्रॅकवर शर्यतीच्या दिवशी सकाळी दोन तऱ्हेची माणसं येतात. एकांची व्हॅन असते. व्हॅनमध्ये स्वतःची कार्ट, एखादं जास्तीचं इंजिन, टायरांचे संच, पान्यांची पेटी आणि चालक लहान असेल तर डोळ्यांत झोप घेऊन आलेले त्याचे वडील. दुसऱ्यांच्या खांद्याला फक्त पिशवी असते. तिच्यात हेल्मेट, सूट, हातमोजे आणि बरगड्या वाचवणारं कवच. आयोजकांच्या ट्रकमधून उतरवलेल्या एकसारख्या गाड्या रांगेत उभ्या असतात. पिशवीवाला नोंदवहीत सही करतो, वजनकाट्यावर उभा राहतो, वाट्याला आलेल्या क्रमांकाच्या गाडीत बसतो आणि संध्याकाळी आला तसा हात हलवत घरी जातो. या पद्धतीला तिकडे 'अराइव्ह अँड ड्राइव्ह' म्हणतात. या आणि चालवा.

मॉलच्या आवारात दहा मिनिटांचं तिकीट काढून चालवायची ती ही कार्ट नव्हे. ही खरी शर्यतीची गाडी असते, फक्त ती चालवणाऱ्याच्या मालकीची नसते. मालकी आणि चालवणं यांची ही फारकत व्हायला कार्टिंगला तीसेक वर्षं लागली. ती कशी झाली हे पाहायचं तर सुरुवात कॅलिफोर्नियापासून करावी लागते.

१९५६ साली ग्लेंडेल इथल्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात आर्ट इंगल्स नावाचा कारागीर शर्यतीच्या गाड्या बांधत असे. कारखाना साधासुधा नव्हता. १९५० ते १९५५ या काळात इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत तिथल्या गाड्यांनी पाच वेळा जिंकली होती. दिवसभर असल्या महागड्या यंत्रांवर हात चालवणाऱ्या इंगल्सने घरी लू बोरेली या मित्राच्या मदतीने नळ्यांची एक चौकट जोडली, तिला चार लहान चाकं लावली आणि मागे गवत कापायच्या यंत्राचं अडीच अश्वशक्तीचं वेस्ट बेंड इंजिन बसवलं. इंगल्सचं वजन दोनशे पौंडांच्या वर. एवढा गडी ओढायला इंजिन कमी पडू लागलं, तेव्हा बोरेलीने त्यात फेरफार करून जोर वाढवला. कार्टिंगमधलं पहिलं ट्यूनिंग म्हणायचं ते हेच. सायलेन्सरचं दुकान चालवणाऱ्या डफी लिव्हिंगस्टोनने ही गाडी पाहिली आणि स्वतःसाठी तशीच एक बांधली. मग मित्रांनी बांधल्या. पॅसाडीनाच्या रोझ बोल स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये त्या धावू लागल्या.

लिव्हिंगस्टोन, त्याचा भागीदार रॉय डेसब्रो आणि बिल रोल्स यांनी मिळून कंपनी काढली. रोल्सला एका फसलेल्या गवतकापणी यंत्राची पडून राहिलेली इंजिनं स्वस्तात मिळत होती. त्या इंजिनांच्या जोरावर घरी जोडायचा संच १२९ डॉलरला विकायला निघाला. 'गो-कार्ट' हे नाव सुचलं लिन वाइनलँड या चित्रकाराला. अझुसा गावी या गाड्यांसाठीच आखलेला ट्रॅक झाला. १९५७ च्या डिसेंबरात क्लब स्थापन झाला, नियम ठरले. पडीक इंजिन, पार्किंगची फुकट जागा आणि सुटीचा दिवस एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला हा खेळ होता. पुढे त्यात जे घडलं ते वाचताना हे भांडवल विसरून चालत नाही.

पैसा फार लवकर आला. १९५९ मध्ये चेनसॉ बनवणाऱ्या मॅककलोक कंपनीने खास कार्टसाठी इंजिन काढलं. इटलीतल्या कारखान्यांनी त्यावर मात करणारी फिरती व्हॉल्व्ह असलेली इंजिनं बनवली. १९६२ साली आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या छत्राखाली कार्टिंगची स्वतंत्र समिती झाली आणि १९६४ मध्ये रोमला पहिली जागतिक स्पर्धा इटलीच्या ग्विदो सालाने जिंकली. १९७३ साली टेरी फुलर्टन हा पहिला ब्रिटिश जगज्जेता झाला. ब्राझीलहून युरोपात आलेला आयर्टन सेना १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षं दुसरा आला. पुढे तीन वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या सेनालाही हे एक विजेतेपद कधी मिळालं नाही, यावरून तिथल्या चुरशीची कल्पना यावी.

चुरस वाढली तसा खर्चही. टायर मऊ होत गेले आणि मऊ टायर एका दिवसात संपू लागले. इंजिन ठरावीक तासांनी उघडावं लागे. त्या काळच्या शर्यतीच्या कार्टला क्लचसुद्धा नसे. चाक फिरलं की इंजिन फिरायचं, चाक थांबलं की बंद. गाडी सुरू करायची तर मागून कुणीतरी उचलून ढकलत पळायचं आणि चालकाने बरोबर क्षणी उडी मारून आत बसायचं. ट्रॅकवर गाडी गरकन फिरून बंद पडली की त्या दिवसाचा खेळ संपलाच. म्हणजे एकट्याने येऊन चालवण्याचा हा खेळच नव्हता. ढकलणारा, पाना धरणारा आणि पैसे देणारा अशी तीन माणसं तरी मागे लागत. मध्यमवर्गीय घरांत ही तिन्ही कामं बहुतेक वेळा वडीलच करत. १९९३ साली आठ वर्षांचा लुईस हॅमिल्टन लंडनच्या उत्तरेला असलेल्या राय हाउसच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरला, तो जुन्या, वापरलेल्या कार्टमधून. त्याचा खर्च भागवायला वडील अँथनी हॅमिल्टन एकापेक्षा जास्त नोकऱ्या करत होते.

दुसऱ्या बाजूने एक वेगळंच इंजिन या खेळात शिरलं. होंडाने १९८३ मध्ये जीएक्स मालिकेची फोर-स्ट्रोक इंजिनं बाजारात आणली. आपल्याकडे शेतातल्या पंपावर किंवा लग्नमांडवातल्या जनरेटरवर दिसतात ती हीच. कमी आवाज, तेल-पेट्रोल मिसळायची कटकट नाही, आणि नवख्या हाती दिवसचे दिवस राबवलं तरी मोडत नाही. ब्रिटनमध्ये रिकामी गोदामं या कार्टांनी भरली. कार्यालयातली मंडळी, वाढदिवसाची पोरं, कुणीही यावं आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून जावं. झिप कार्टच्या मार्टिन हाइन्सने १९९० च्या सुमारास दोन होंडा इंजिनं जोडलेली प्रोकार्ट पुढे आणली आणि त्यावर तासन्‌तास चालणाऱ्या सांघिक शर्यती सुरू झाल्या. मोटारस्पोर्टची गोडी अशा मार्गाने हजारो साध्या माणसांना लागली.

गोडी लागली की माणूस पुढची पायरी शोधतो. आणि इथे मोठी दरी होती.

भाड्याची कार्ट सभोवती बंपर गुंडाळलेली असल्याने जड असते. शर्यतीची कार्ट तिच्या निम्म्या वजनाची आणि जोर दुप्पट. तरी खरा फरक वळणात कळतो. कार्टला डिफरन्शियल नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अॅक्सलवर असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, पण दोघांना फिरावं लागतं सारखंच. म्हणून आतलं मागचं चाक जमिनीवरून क्षणभर उचललं गेलं तरच गाडी नीट वळते. स्प्रिंग नसलेली चौकट स्वतःच पिळवटते आणि हे चाक उचलते. हलक्या गाडीत चालकाने स्टीअरिंग कसं आणि किती झटक्यात फिरवलं, ब्रेक कुठे सोडला, यावर ते ठरतं. भाड्याच्या जड गाडीत दोन वर्षं काढलेला माणूस इथे पहिल्या फेरीतच गांगरतो. दहाव्या फेरीत मनगटं भरून येतात, बरगड्या ठणकतात. हे शिकायला फेऱ्यांमागून फेऱ्या माराव्या लागतात आणि फेऱ्या मारायला गाडी हवी. गाडी म्हणजे व्हॅन, इंजिन, टायर आणि ती ठेवायला गॅरेज.

मोटारींच्या शर्यतीत या अडचणीवर तोडगा आधी निघाला होता. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या स्नेटर्टन ट्रॅकवर जिम रसेल या चालकाने शाळा काढली. गाड्या शाळेच्या, शिकणाऱ्याने शुल्क भरायचं. ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्डी याच शाळेतून पुढे गेला आणि १९७२ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. सामायिक गाड्यांतून चालक घडतो हे त्या शाळेने दाखवून दिलं होतं.

कार्टिंगमध्ये हे काम १९९० च्या दशकात क्लब १०० या ब्रिटिश संस्थेने मोठ्या प्रमाणावर केलं. नावातले शंभर म्हणजे शंभर सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. एकाच बनावटीच्या गाड्यांचा ताफा ट्रकमध्ये घालून ही मंडळी देशभरच्या ट्रॅकवर नेऊ लागली. आज राय हाउस, पुढच्या वेळी केंटमधलं बकमोर पार्क, त्यानंतर व्हिल्टन मिल. चालकाने शर्यतीपुरतं शुल्क द्यायचं. त्यात गाडी, पेट्रोल, टायर, मेकॅनिक सगळं आलं.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे समान संधीसाठी केलेली बारीक तजवीज. वजनदार माणसाला कार्टमध्ये जन्मजात तोटा असतो, तो इंगल्सपासून चालत आला आहे. म्हणून चालकांचे वजनाप्रमाणे गट पाडले आणि गटाच्या ठरलेल्या वजनाहून कमी भरणाऱ्याच्या गाडीला शिशाच्या लाद्या जोडल्या. गाड्या कितीही सारख्या ठेवल्या तरी एखादी किंचित मंद निघतेच. म्हणून एकाच दिवसात छोट्या शर्यती अनेक ठेवायच्या आणि प्रत्येक वेळी गाडी बदलायची. वाईट गाडी कधीतरी सगळ्यांच्याच वाट्याला यावी, हा त्यामागचा हिशेब. पैशाने विकत घेता येईल असा वेग या आखणीत उरत नाही. पन्नाशीचा नळजोडणीवाला आणि विशीचा विद्यार्थी एकाच रांगेतून सुटतात आणि पुढे कोण, याचा निकाल वळणावर लागतो.

विद्यार्थ्यांना तर ही सोय वरदानच ठरली. ब्रिटनमधल्या विद्यापीठांची कार्टिंग स्पर्धा वर्षानुवर्षं याच संस्थेच्या ताफ्यावर चालली. वसतिगृहाच्या खोलीत कार्ट ठेवता येत नाही, पण हेल्मेट कपाटावर राहतं.

ज्यांच्याकडे स्वतःच्या गाड्या होत्या त्यांच्या जगालाही हा विचार शिवला. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'मॅक्स' हे १२५ सीसीचं इंजिन आणलं. त्याला क्लच होता, बटणाने सुरू होणारा स्टार्टर होता. मागून ढकलणाऱ्याची गरज संपली. इंजिनाला सील असे. ते तोडून आतलं काही घासायचं नाही. २००० सालापासून या इंजिनाची जागतिक अंतिम स्पर्धा भरते. पहिली पोर्तो रिकोत झाली. देशोदेशींचे विजेते आपापल्या गाड्या घरी ठेवून तिथे जातात. चौकट आणि इंजिन कोणतं मिळणार हे तिथे सोडतीत ठरतं. साध्या माणसाच्या सोयीसाठी रुजलेली रीत इथे अव्वल दर्जाच्या चालकाची कसोटी झाली.

भारतात राष्ट्रीय कार्टिंगचा मुख्य प्रवाह याच रोटॅक्स इंजिनावर वाढला आणि त्याच्या नकाशावर कोल्हापूर ठळक आहे. तिथल्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ओतकाम आणि ऑइल इंजिनांचे कारखाने असलेल्या या गावाला यंत्राचं वेड जुनंच. मोटारींत 'या आणि चालवा' ही रीत आपल्याकडे ठसठशीतपणे आणली ती चाकणच्या फोक्सवागनने, २०१० साली सुरू झालेल्या पोलो कपातून. सगळ्या गाड्या कंपनीच्या, देखभाल कंपनीची, चालकाने हंगामाचं शुल्क भरून यायचं. पुढे पोलोची जागा व्हेंटो आणि एमिओने घेतली. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते या मालिकेतल्या आघाडीच्या चालकांत गणला गेला. भाड्याच्या कार्टचे ट्रॅक मुंबई-पुण्यात आले आहेत. त्यांच्या आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या मधली पायरी मात्र अरुंद आहे. नोकरी सांभाळून महिन्याकाठी एक रविवार खर्च करू पाहणाऱ्या तिशीतल्या माणसासाठी टू-स्ट्रोक गाड्यांचा फिरता ताफा इथे रुजायला हवा. ट्रॅक आहेत, कारागीर आहेत, हौशीही आहेत.

या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. चालक पान्याला हात लावत नाही. साखळीचा ताण किती, दातेरी चाक केवढं, कार्ब्युरेटरची सुई कुठे, हे न कळताच तो वर्षभर शर्यती करू शकतो. इंगल्स आणि बोरेली यांच्यासाठी खेळाचा निम्मा आनंद त्यातच होता.

ते कसब नाहीसं झालेलं नाही. ते ताफा सांभाळणाऱ्या दोन-तीन मेकॅनिकांकडे गेलं आहे, आणि त्याची दिशा उलटी झाली आहे. बोरेलीला एक गाडी बाकीच्यांहून वेगवान करायची होती. ताफ्याच्या मेकॅनिकला एकही गाडी बाकीच्यांहून वेगवान होऊ द्यायची नसते. त्यासाठी तो दिवसभर वेळांचा तक्ता बघत असतो. वेगवेगळ्या चालकांच्या हाती एकाच क्रमांकाची गाडी मागे पडताना दिसली की त्या आकड्याभोवती पेनने गोल करतो. संध्याकाळी पिशव्या उचलून सगळे निघाले, शिशाच्या लाद्या मोजून खोक्यात गेल्या, की ती गाडी स्टँडवर चढते. साखळी उतरते, मागचं चाक हाताने फिरवलं जातं आणि तो कान लावून बेअरिंग ऐकतो.