नोटेच्या रूपांतील जाहिरात

पेण तालुक्यांतील जोहे हें गांव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. मूर्ति कारखान्यांत मांडलेली असते तोंवर ती विक्रीची वस्तु. चतुर्थीस प्राणप्रतिष्ठा झाली म्हणजे ती देव. नोटेचेंहि कांहींसें असेंच आहे. छापील कागद म्हणून तिची किंमत अल्प. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचें वचन व सही तिच्यावर उमटली म्हणजे ती धन. परंतु ज्यास ही प्रतिष्ठा कधींच लाभली नाहीं, आणि रूप मात्र नोटेचें आहे, अशा कागदाचाहि एक जुना वंश आहे. तो पुष्कळसा दुकानदारांनीं वाढविला.

त्यांतील युक्ति साधी आहे. जाहिरातीचा कागद रस्त्यांतून कोणी उचलीत नाहीं. नोट पडलेली दिसली कीं पाय थबकतो. जाहिरातदारास तेवढी एका क्षणाचीच भूल हवी असते. पुढें त्या कागदाचें काय होतें, याची चौकशी तो करीत नाहीं.

इंग्लंडांत १७९७ सालीं बँक ऑफ इंग्लंडनें नोटेच्या बदल्यांत सोनें देणें थांबविलें आणि एक व दोन पौंडांच्या लहान नोटा काढल्या. तोंवर नोट ही सावकाराच्या पेटींतील वस्तु होती. ती आतां मजुराच्या मुठींत आली. पुष्कळ मजुरांस वाचतां येत नसे, आणि नक्कल करणें सोपें होतें. खोट्या नोटांपायीं १८२१ पर्यंत तेथें ३०० हून अधिक माणसें फांसावर चढलीं. त्यांतील कित्येक नोटा बनविणारीं नव्हतीं, केवळ चालविणारीं होतीं. १८१९ सालीं जॉर्ज क्रुइकशँक या व्यंगचित्रकारानें नोटेच्याच थाटाचें एक चित्र काढलें, त्यांत फांसावर लोंबणाऱ्या माणसांची रांग दाखविली. ती निषेधाची नोट होती. पुढें त्याच देशांत केशकर्तनकारांनीं ‘बँक ऑफ एलिगन्स’ अशा नांवाच्या नोटा गिऱ्हाइकें ओढण्यासाठीं वांटाव्या, ही मोठी चमत्कारिक गोष्ट होय.

अमेरिकेंतील उदाहरण याहून बोलकें आहे. फिलाडेल्फियाचा सॅम्युएल अपहॅम हा लेखनसाहित्य व सुगंधी द्रव्यें विकणारा दुकानदार. यादवी युद्ध चालूं असतां, १८६२ च्या फेब्रुवारींत, तेथील एका वृत्तपत्रानें दक्षिणेकडील बंडखोर संस्थानांच्या पांच डॉलरच्या नोटेचें चित्र छापलें. अपहॅमनें तो ठसा मिळविला आणि त्या नोटा गंमत म्हणून एकेक सेंटास विकावयास काढल्या. खालच्या कडेस ‘ही नक्कल आहे’ असें छापून आपल्या दुकानाचें नांव व पत्ताहि त्यानें दिला. कात्रीनें ती कड कापली कीं जाहिरात गेली आणि नोट उरली! अशा नोटा दक्षिणेंतील चलनांत शिरल्या. अपहॅम म्हणे, आपण नक्कल नक्कल म्हणूनच विकली. तें खरेंहि होतें; कात्री दुसऱ्याच्या हातीं होती.

हिंदुस्थानांत सरकारी नोटा १८६१ च्या कायद्यानें आल्या. प्रथम त्या विलायतेंत छापल्या जात; १९२८ सालीं नाशिकरोड येथें त्यांचा छापखाना सुरू झाला. खोट्या नोटांविषयीं दंडविधानांत १८९९ सालीं कलमें घालण्यांत आलीं. पण फसविण्याचा हेतु नाहीं असें म्हणणाऱ्याचें काय करावें, हा प्रश्न राहिला. दुसऱ्या महायुद्धांत चांदीच्या टंचाईमुळें १९४० सालीं एक रुपयाची नोट पुन्हां निघाली व कागदी पैसा घरोघर पोंचला. १९४३ सालीं ४८९-ई हें कलम जोडलें गेलें. त्यानें हेतु बाजूस ठेवला. नोटेसारखा दिसणारा कागद कोणत्याहि कारणासाठीं छापला तरी १०० रुपयांपर्यंत दंड. आणि तो कोणीं छापला हें सांगण्याचें नाकारणारास २०० रुपयांपर्यंत. शिवाय कागदावर ज्याचें नांव असेल त्यानेंच तो काढविला, असें विरुद्ध पुरावा येईपर्यंत धरून चालावें. जाहिरातदाराची खरी कोंडी येथेंच झाली. नांव छापल्यावांचून जाहिरात नाहीं, आणि नांव छापलें कीं तोच पुरावा.

तरीहि हा वंश खुंटला नाहीं. चूर्णाच्या पुडीबरोबर मुलांस मिळणाऱ्या नोटा पुष्कळांच्या परिचयाच्या असतील. २०१७ च्या फेब्रुवारींत दिल्लीच्या संगमविहार भागांत, बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रांतून २००० रुपयांच्या अशाच नोटा बाहेर आल्या. त्यांवर ‘चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया’ असें नांव होतें. खरी २००० ची नोट निघून तेव्हां अवघे तीन महिने झाले होते. डोळ्यांस तिची पुरती ओळखहि झालेली नव्हती.

भारतीय नोटेवर सतरा भाषांत रक्कम लिहिलेली असते, त्यांत मराठीहि आहे. पण पैसे मोजतांना ती कोण वाचतो? चतुर्थी तोंडावर आली असतां जोहे-हमरापूरच्या कारखान्यांत माल भरण्याची घाई असते. अशा वेळीं रंगानें माखलेला हात नोटेचा रंग व आकार पाहूनच पुडकें मोजतो. वरखालीं खरी नोट आणि मधें ‘मनोरंजन बँके’चे कागद, अशीं पुडकीं माथीं मारणारांस हें चांगलें ठाऊक असतें.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १८२ व्या कलमांत हाच नियम घेतला आहे. दंड आतां ३०० रुपयांपर्यंत आहे, आणि छापणाराचें नांव न सांगणारास ६०० रुपयांपर्यंत. म्हणजे पांचशेंच्या नोटेसारखी जाहिरात छापणारा त्या एका नोटेहून कमी रकमेंत सुटूं शकतो.