त्रिरश्मी लेण्यांतील अक्षयनीवी आणि संघाचा भांडागारिक

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपैकी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख कोरलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याचा उपयोग मुख्यतः नहपानाचा काळ ठरविण्यासाठी केला. परंतु संस्थेला पैसा कसा मिळतो, तो कोणाकडे राहतो व कोणत्या कामी लागतो, या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले असता हा लेख एखाद्या काटेकोर विश्वस्तपत्रासारखा वाटू लागतो. उषवदाताने ब्राह्मणांनाही गायी आणि गावे दिल्याची नोंद त्याच्याच लेखांत आहे; तेव्हा त्याला एकनिष्ठ उपासक ठरविण्याची घाई नको. आपल्याला येथे दात्याच्या श्रद्धेपेक्षा दानाची रचना तपासावयाची आहे.

वर्ष ४२ च्या वैशाखात हे लेणे चातुर्दिश संघाला अर्पण करण्यात आले व त्यासोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, देण्यात आली. ही रक्कम भिक्खूंच्या हाती दिलेली नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली : एकीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे, अशी स्पष्ट अट आहे. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. हिशोब एका कार्षापणानेही चुकलेला नाही. दुसऱ्या ठेवीचे ९० कार्षापण ‘कुशणमूल’ या खर्चासाठी आहेत. या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. चीवराचा पैसा विणकरांकडेच ठेवण्यात काही योजकता असावी, असे मला वाटते.

पुढील वाक्य अधिक महत्त्वाचे आहे. हे सर्व निगमसभेत ऐकविण्यात आले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले, असे लेख सांगतो. म्हणजे दान कशासाठी, किती, कोणाकडे व किती दराने, हे नगरातील जाणत्या लोकांना ठाऊक होते. शिवाय तेच लेण्याच्या भिंतीवर कोरल्यामुळे तेथे राहणाऱ्या प्रत्येक भिक्खूच्या नजरेसमोर होते. दान ‘चातुर्दिश संघाला’ आहे, कोणा एका थेराला नाही.

जमिनीच्या दानाचे काय झाले, हे याच टेकडीवरील तिसऱ्या लेण्यातील लेखांतून कळते. नहपानाच्या घराण्याचा पाडाव केल्यानंतर गौतमीपुत्र सातकर्णीने पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत येथील भिक्खूंना दिले. हे राज्यवर्ष १८. वर्ष २४ मध्ये राजा व राजमाता गौतमी बलश्री यांच्या नावाने दुसरी आज्ञा निघाली : ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत. दानपत्र होते, राजाज्ञा होती, पण नांगर धरणारा नव्हता. रोख पैशालाही सत्तांतराची झळ बसतेच. जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे.

धन देणारा मिळाला तरी सांभाळणारा कसा असावा? या प्रश्नाचा विचार विनयपिटकात लेण्यांच्या कितीतरी आधी झालेला आहे. महावग्गाच्या चीवरक्खन्धकातील क्रम मोठा मार्मिक आहे. लोक चीवरे घेऊन विहारात येत, पण ती स्वीकारणारा कोणी न भेटल्याने परत जात. म्हणून चीवर-प्रतिग्राहक नेमण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली. त्याने ती स्वीकारून तेथेच टाकली आणि ती नासू लागली. म्हणून ती नीट ठेवणारा नेमला गेला. ती उघड्यावर राहिली, उंदरांनी व वाळवीने खाल्ली. म्हणून भांडागार ठरविण्यात आले. भांडागार अरक्षित राहिले. म्हणून भांडागारिक आला. प्रत्येक पद एका अडचणीतून जन्मले आहे, मानासाठी नव्हे. या पदावरील व्यक्तीच्या अंगी पाच गुण हवेत : छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणे हे चार, आणि पाचवा अगदी व्यवहारी. प्रतिग्राहकाला काय स्वीकारले व काय नाही हे कळले पाहिजे. भांडागारिकाला काय सुरक्षित आहे व काय नाही हे कळले पाहिजे. नेमणूक संघासमोर ज्ञप्ती मांडून, संघाच्या संमतीने होई. आणखी एक नियम विसरू नये. षड्वर्गीय भिक्खू भांडागारिकाला त्याच्या जागेवरून उठवू लागले, तेव्हा त्याला असे उठवता येणार नाही, असे भगवंतांनी ठरवून दिले. संघाने निवडलेल्या हिशोबनीसाला एखाद्या गटाच्या दडपणापासून संरक्षण दिल्याचा हा प्राचीन दाखला आहे.

याच विनयाच्या चुल्लवग्गात आराम, विहार, मंच, पीठ इत्यादी वस्तू अविसर्जनीय म्हटल्या आहेत. त्या व्यक्तीने, गटाने, इतकेच नव्हे तर संघानेही देऊन टाकू नयेत. आपल्याकडील सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात स्थावर मिळकत विकण्यावर जे निर्बंध आहेत, त्यांच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग या कार्याला देण्याचा निश्चय करावा असे सांगितले. त्यात एखाद्या क्षत्रपाची वाट पाहणे नाही. दर कमाईतून येणारा नियमित ओघ आहे. आपल्या अनेक विहार समित्या मात्र वर्गणी काढतात ती कळसासाठी आणि मूर्तीसाठी. लोकार्पण होते, कोनशिलेवर नावे लागतात, आणि दोन वर्षांत ग्रंथालयाचे दार बंद पडते, कारण ग्रंथपालाच्या मानधनाची तरतूद कोणी केलेलीच नसते. उषवदाताने खडक कोरून घेतला आणि त्याच लेखात चीवराचीही सोय लावली.

पुढे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने त्रिरश्मीवरील संघासाठी अशीच अक्षयनीवी दिली. तिने रक्कम एकाच श्रेणीकडे ठेवली नाही. जलयंत्रे करणारे, तेली व इतर कारागीर अशा निरनिराळ्या श्रेणींकडे वाटून ठेवली. लेखाचा काही भाग झिजला आहे. दानाचा हेतू मात्र स्वच्छ वाचता येतो : आजारी भिक्खूंच्या औषधासाठी.