कृष्णवर्णीय अमेरिकन वृद्ध : ताण, चिकाटी आणि शरीराची झीज

अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांमध्ये उच्च रक्तदाब, मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार गोऱ्या नागरिकांच्या तुलनेत अधिक प्रमाणात, आणि अनेकदा कमी वयात आढळतात. याचे कारण केवळ गरिबीत सापडत नाही. संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये त्यासाठी ‘वेदरिंग’ ही संकल्पना मांडली. ऊन-पावसाने लाकूड झिजावे, तसे भेदभाव आणि असुरक्षिततेला वर्षानुवर्षे तोंड देताना शरीर अकाली वृद्ध होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मूळ इंग्रजी शब्दाला संकटातून तगून जाणे असाही अर्थ आहे; मराठीत हे दोन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत.

धोक्याची चाहूल लागताच शरीरात कॉर्टिसोलसारखी संप्रेरके स्रवतात आणि रक्तदाब वाढतो. धोका टळला की हे सारे पूर्ववत व्हावे, अशी निसर्गाची योजना असते. ताण कायमचाच असेल, तर ती उसंत मिळत नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आदी १० निकषांवर या साचलेल्या भाराचे मोजमाप करणारा अभ्यास जेरोनिमस व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कृष्णवर्णीयांचा सरासरी भार त्यांच्याहून सुमारे १० वर्षांनी मोठ्या गोऱ्यांइतका आढळला. गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियाही त्यातून सुटल्या नव्हत्या.

चिकाटीचीही किंमत मोजावी लागते, हे शर्मन जेम्स यांनी दाखविले. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात त्यांची एका निवृत्त कृष्णवर्णीय शेतकऱ्याशी भेट झाली. जेमतेम शाळा शिकलेल्या या गृहस्थाने चाळिशीपर्यंत ७५ एकर जमीन स्वतःची केली होती. पन्नाशीत मात्र उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटातील व्रणाने त्याला गाठले. वाफेच्या यंत्राशी पैज जिंकून कोसळलेल्या लोककथेतील जॉन हेन्री या मजुरावरून जेम्स यांनी या वृत्तीला ‘जॉन हेन्रीइझम’ म्हटले. साधने तुटपुंजी आणि जिद्द मोठी असलेल्यांत रक्तदाब अधिक असतो, असे त्यांचे अनुमान होते. पुढील सर्वच अभ्यासांतून मात्र त्याला दुजोरा मिळालेला नाही.

मनाच्या बाबतीत चित्र वेगळे दिसते. २००१ ते २००३ दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधी ना कधी तीव्र नैराश्य आलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांमध्ये १७.९ टक्के, तर आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये १०.४ टक्के होते. कुटुंब आणि चर्च यांचा आधार हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मात्र नैराश्य जडल्यास ते कृष्णवर्णीयांमध्ये अधिक काळ टिकते आणि निम्म्याहून कमी रुग्णांना उपचार मिळतात, असेही त्याच पाहणीत आढळले.