भरल्या अंड्यांची पूर्वपीठिका

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत पाककृती दरवर्षी येतात आणि त्या यायलाच हव्यात. यंदा मात्र कार्यकारिणीने मला असे सांगितले की, रविवारच्या न्याहारीला तुम्ही जी भरली अंडी करता त्यांची कृती तर द्याच, पण हा पदार्थ आला कोठून तेही लिहा. कृती पाच-सहा ओळींची आहे. आला कोठून हे सांगायला मात्र फार मागे जावे लागते. माझ्या लेकीने वाचून दाखविलेले आणि मी घरात पाहिलेले असे दोन्ही मिळून हे लिहिले आहे. ज्या भगिनींच्या घरी अंडे चालत नाही त्यांनी ही नुसती गोष्ट म्हणून वाचावी.

कोंबडी मुळात रानातली. आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा हा तिचा मूळपुरुष. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, पाळीव कोंबडीची सर्वात जुनी खात्रीची हाडे थायलंडातील बान नॉन वाट येथील असल्याचे म्हटले आहे. ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. माणूस भात आणि बारीक भरड धान्ये पिकवू लागला, दाणे सांडू लागले आणि ते टिपायला रानातली कोंबडी वस्तीजवळ आली, असे त्या विद्वानांचे म्हणणे. मला हे ऐकताक्षणी पटले. खळ्यावर ज्वारी पडली की कोंबड्यांना कोणी आवतण द्यावे लागत नाही, हे आपण सगळ्याच जाणतो.

अंडे नुसते उकडून खाण्यापेक्षा त्याला तिखट-आंबट लावून खाण्याची हौस रोमन लोकांना होती. त्यांच्या मेजवानीचा आरंभच अंड्याने व्हायचा आणि शेवट फळाने. आपिकियुस या नावाने जो रोमन पाककृतींचा संग्रह प्रसिद्ध आहे त्यात, उकडलेल्या अंड्यावर मिरे, भिजविलेले चिलगोजे, मध, व्हिनेगर आणि मासळीचे आंबविलेले पाणी यांची चटणी घालायला सांगितली आहे. यातले मिरे आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजांनी जात. म्हणजे रोमच्या सरदारांच्या ताटातले अंडे दोन हजार वर्षांपूर्वी तिखट लागत असे ते आपल्या हिंदुस्थानच्या जिवावर!

पण हे झाले वरून घातलेल्या चटणीचे. अंडे उकडून, चिरून, आतला पिवळा बलक काढून, त्यात मसाला कालवून तो पुन्हा पांढऱ्यात भरायचा, ही कृती स्पेनच्या दक्षिण भागातली, आंदालुसियाची. तेथे त्या काळी मुसलमानी राज्य होते आणि तेराव्या शतकातल्या एका अरबी पाकग्रंथात ही कृती दिलेली आहे. बलक, कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरे, धने, तेल, मीठ असे सगळे एकत्र कालवायचे, पांढऱ्या वाट्यांत भरायचे, दोन अर्धे एकमेकांवर ठेवून काडीने टोचायचे आणि वरून मिरपूड भुरभुरायची. कोथिंबीर, कांदा आणि धने ही नावे वाचल्यावर मला तरी ते लोक परके वाटले नाहीत. भरल्या वांग्याला आपण याहून निराळे काय करतो? आतले बाहेर काढून, सजवून, पुन्हा आत घालणे ही युक्ती जगातल्या सगळ्याच बायकांना सुचलेली दिसते. पुस्तकात लिहून ठेवणाऱ्यांची नावे तेवढी पुरुषांची.

तेथून हा पदार्थ युरोपभर गेला. इंग्रजांनी त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘सैतानी’ असा होतो. झणझणीत पदार्थाला सैतानाचे नाव द्यायची रीत त्यांच्याकडे अठराव्या शतकात पडली. १७८६ सालच्या छापील मजकुरात तो शब्द या अर्थाने सापडतो. अमेरिकेत गंमत अशी झाली की, चर्चच्या सहभोजनाला हीच अंडी न्यायची तर सैतानाचे नाव कसे घ्यावे, म्हणून कित्येक बायका त्यांना नुसती ‘भरलेली अंडी’ म्हणू लागल्या. मी त्यांच्याच पक्षाची आहे. अन्नाला असले नाव ठेवू नये. तिकडे बलक मिळून यावा म्हणून त्यात मेयोनीज घालतात. मेयोनीज म्हणजे कच्चा बलक, तेल आणि आंबट एकत्र घोटून केलेले दाट कालवण. फॅनी फार्मर नावाच्या बाईंच्या १८९६ सालच्या प्रसिद्ध अमेरिकन पाकपुस्तकात त्याचा उल्लेख आहे. आणि सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण एक करून रविवारी उशिरा खाणे, ज्याला शहरात ‘ब्रंच’ म्हणतात, तो शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने काढला. शनिवारी रात्री जागलेल्यांना सकाळी लवकर उठणे नको, एवढेच त्याचे कारण. आपल्याकडे अकराची न्याहारी पूर्वापार आहे, पण ती पहाटे पाचला उठून कामाला लागलेल्यांची.

आता आपल्याकडचे. आपण ज्याला तिखट म्हणतो ती मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले आणि त्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात मिरची इकडे आली. आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाला १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे जाऊन शंभर वर्षेही झाली नव्हती. आज मिरचीवाचून वऱ्हाडातली चूल पेटत नाही, आणि ती पाहुणी होती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही! अंड्याचे मोठे पदार्थ आपल्या देशात होतेच. खिम्याच्या गोळ्यात अख्खे अंडे घालून केलेल्या कोफ्त्याला, कापल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या रंगावरून, नर्गिसच्या फुलाचे नाव मिळाले. पारशी मंडळी तर कोणत्याही भाजीवर अंडे फोडून घालतात. छापील मराठी पाकपुस्तकांत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले आणि त्यात शाकाहारी व मांसाहारी दोन्ही पदार्थ एकाच बाईने मोकळेपणाने लिहिले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण पुस्तकांपेक्षा मला डालग्याखालच्या कोंबडीबद्दल अधिक सांगायचे आहे. खेड्यात शेत नवऱ्याच्या नावाचे, बैल घराचे, कापसाचे पैसे दुकानदाराच्या वहीत. कोंबडी तेवढी बाईची. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, मध्येच खुडूक होऊन बसते, पिले घेऊन हिंडते. त्यातली निम्मी अंडी बाजारात जात आणि त्या पैशांतून मुलाची पाटी, तेलाची बाटली, बांगड्या येत. हा पैसा कोणी मागत नसे. माझ्या सासूबाईंनी कोंबड्या आयुष्यभर पाळल्या, पण उकडलेले अख्खे अंडे त्यांनी स्वतः खाल्लेले मी पाहिले नाही. आजारी मुलाला, शेतातून आलेल्या पुरुषाला, पाहुण्याला. उरलेच तर कालवणातला तुकडा. आपल्या थोरल्या भगिनींपैकी अनेकजणी हे वाचून मान हलवतील. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्या बाईच्या हातातून शेकडो अंडी गेली तिच्या अंगात रक्त नाही, हे कोडे माझ्याने अजून सुटत नाही.

पुढे पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कोंबड्या आल्या. त्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. अंडी तीस-तीसच्या ट्रेमधून ट्रकने येऊ लागली आणि डालग्यांची संख्या कमी झाली. व्यापारी पाडून भाव देत म्हणून बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा भाव पिकवणाऱ्यांनी जाहीर करायला सुरुवात केली. दूरदर्शनवरच्या जाहिरातींनी अंडे रोजचे केले. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच, तेव्हा तेथे कोंबड्या मोठ्या प्रमाणावर माराव्या लागल्या आणि दूरदूरच्या लोकांनीही काही दिवस अंड्याला हात लावला नाही.

शाळेतल्या अंड्याचीही नोंद इथे करून ठेवते. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्या मुलांना केळे, देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा वेगळा पैसा बंद केला आणि लोकवर्गणीतून द्यायचे तर द्या, असे शाळांना कळविले. ज्यांना चालत नाही त्यांच्या मुलांना कोणी बळे देऊ नये, यात दुमत नाही. परंतु ज्या लेकराच्या घरी अंडे चालते आणि परवडत नाही, त्याच्या ताटातले ते गेले. आपल्या मंडळाने हळदीकुंकवाच्या वाणाला जेवढे पैसे लागतात त्यांतले थोडे या कामी वळवावेत, अशी माझी सूचना मी येथे छापूनच मांडते, म्हणजे बैठकीत ती राहून जाणार नाही.

आता कृती. अंडी आठवडाभराची असावीत, अगदी ताज्याची साल नीट निघत नाही. उकळी आल्यावर दहा मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाकावीत. जास्त उकडल्यास बलकाभोवती हिरवट कडे येते. सहा अंड्यांचे उभे दोन भाग करून बलक काढावा. त्यात दोन चमचे जवसाची चटणी, एक चमचा भाजलेल्या तिळाचा कूट, ठेचलेला लसूण, पाव चमचा काळा मसाला, मीठ, लिंबू आणि चक्का दही मिळून येईल इतके घालावे. मेयोनीजचे काम दही करते, आणि मोहरीचे काम जवस. जवस आपल्या वऱ्हाडातला, त्यामुळे हा फरक मला अभिमानाचा वाटतो. वाट्या भरून वरून तेलात तडतडवलेले जिरे आणि लाल तिखट घालावे, कोथिंबीर पेरावी. सोबत ज्वारीची भाकर. दही असल्यामुळे वैशाखात ही अंडी दुपारपर्यंत ठेवू नयेत. न्याहारीला केलेली न्याहारीलाच संपवावीत, आणि वाढणारीने आपली दोन आधीच बाजूला काढून ठेवावीत.