निरय, गेहेन्ना आणि परगेटरी : एका भाषांतराच्या निमित्ताने

मिलिंदपञ्हात राजा मिलिंद भदन्त नागसेनांना निरयाच्या अग्नीविषयी प्रश्न विचारतो. मोठा पाषाणही ज्या अग्नीत क्षणात विरून जातो, त्यात प्राणी दीर्घकाळ जळूनही नष्ट कसे होत नाहीत, असा त्याचा आक्षेप आहे. नागसेन उत्तर देतात की, कर्माच्या योगाने. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १८९० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या ठिकाणी 'निरय' शब्दासाठी 'हेल' हा रूढ इंग्रजी शब्द न योजता 'परगेटरी' हा शब्द योजला आहे. पालिचे विद्यार्थी येथे हटकून अडखळतात. आमच्या मते हा शब्द चुकीचा आहे. परंतु त्या चुकीमागे ख्रिस्ती जगातील दीड सहस्रकाहून अधिक काळाचा एक वाद उभा आहे, आणि तो समजून घेतल्याविना त्या शब्दाचा न्याय करता येत नाही.

प्राचीन हिब्रू ग्रंथांत अमर आत्मा नाही. 'नेफेश' या शब्दाचा मूळ अर्थ कंठ, श्वास, प्राण असा आहे. मनुष्याच्या ठिकाणी नेफेश वसते असे तेथे म्हटलेले नाही. मनुष्य स्वतःच सजीव नेफेश होतो. मृत्यूनंतर सर्वांनी जावयाचे ते 'शेओल', एक निःशब्द अंधारलोक. तेथे पुण्यवान व पापी असा भेद जवळजवळ नाही. मृतांच्या पुनरुत्थानाची कल्पना स्पष्ट रूपाने येते ती इ.स.पू. दुसऱ्या शतकात, ग्रीक राजा अँटिओकस याने यहुद्यांचा छळ केला त्या काळी. धर्मासाठी प्राण देणाऱ्यांना न्याय कधी मिळणार, हा प्रश्न त्या कल्पनेच्या मुळाशी होता. केवळ भय दाखविण्यासाठी ती जन्मली नाही, हे टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

नरकवाचक 'गेहेन्ना' हा शब्द मुळात एका जागेचे नाव आहे. जेरुसलेमच्या दक्षिणेस हिन्नोमची दरी आहे. तेथे पूर्वी मुलांना अग्नीत अर्पण करीत, म्हणून योशिया राजाने ते स्थान भ्रष्ट केले, असे बायबलातच नोंदलेले आहे. या दरीत शहराचा कचरा अखंड जळत असे, ही पुष्कळ पुस्तकांतून येणारी माहिती मात्र तपासून घ्यावी. तिला प्राचीन पुरावा नाही. ती बाराव्या-तेराव्या शतकांत होऊन गेलेल्या दाविद किम्ही या भाष्यकाराच्या लेखनात प्रथम आढळते.

ख्रिस्ती धर्म ग्रीक भाषिक जगात पसरला तेव्हा प्लेटोचा अविनाशी आत्मा त्याच्या विचारात शिरला. यातून एक कठीण प्रसंग उद्भवला. आत्मा मरूच शकत नसेल, तर न तारलेल्या आत्म्याचे करावयाचे काय? एक तर त्याची शिक्षा अनंत असली पाहिजे, नाही तर ती केव्हा तरी संपून तो शुद्ध झाला पाहिजे.

दुसरा पर्याय स्वीकारणारा सर्वांत मोठा विचारवंत म्हणजे अलेक्झांड्रियाचा ओरिजेन. त्याचा जन्म इ.स. १८५ च्या सुमाराचा. त्याच्या मते ईश्वराची शिक्षा वैद्याच्या उपचारासारखी आहे आणि अखेरीस सर्व जीव मूळ स्थितीस परत जातील. नरकाग्नीविषयी तो म्हणतो की पापी आपला अग्नी आपणच पेटवितो व त्याची पापे हेच त्या अग्नीचे इंधन असते. हे वाचताना पालि अभ्यासकास नागसेनांच्या उत्तराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ओरिजेनच्या आधीच्या पिढीतील क्लेमंट याने आपल्या ग्रंथात बुद्धांचा नामनिर्देशही केला आहे. तथापि एवढ्यावरून ओरिजेनने हा विचार भारतातून उचलला असे विधान करणे धाडसाचे होईल. आपल्याकडील काही लेखक ते करतात. आम्हांस ते मान्य नाही. ओरिजेन आत्म्याचे पूर्वास्तित्व मानतो, आणि जेथे आत्मा आहे तेथे साम्य वरवरचेच राहते.

ओरिजेनच्या मुख्य ग्रंथाचे मूळ ग्रीक बहुतांशी नष्ट झाले. रुफिनसने इ.स. ३९८ च्या सुमारास केलेले लॅटिन भाषांतर तेवढे सबंध उरले आहे, आणि खटकणाऱ्या जागा आपण सौम्य केल्याची कबुली त्या भाषांतरकाराने स्वतःच दिली आहे. इ.स. ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने राजाज्ञा काढून, दुष्टांची शिक्षा केव्हा तरी संपेल असे म्हणणाऱ्यांचा धिक्कार केला. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी ओरिजेनविरोधी पंधरा धिक्कारवाक्ये जोडली जातात. ती परिषदेच्या अधिकृत बैठकांत संमत झाली काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ओरिजेन मरून तोवर तीनशे वर्षे झाली होती.

पश्चिमेत हा प्रश्न ऑगस्टीनने आधीच निकालात काढला होता. इ.स. ४२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात तो, शिक्षेला अंत आहे असे मानणाऱ्या 'दयाळू' ख्रिस्ती बांधवांचा समाचार घेतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात जीवन व शिक्षा या दोहोंना एकच विशेषण लावलेले आहे. जीवन अनंत तर शिक्षाही अनंत, असा त्याचा युक्तिवाद. ते ग्रीक विशेषण 'आयोनिओस'. ते 'आयोन' म्हणजे युग या नामापासून बनले आहे. युगाचे की अनंत, हा वाद आजही मिटलेला नाही. आपल्या 'कप्प' शब्दाचा अर्थ लावताना पडणारे पेच ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

अनंत नरक स्थिर झाला, तरी सामान्य माणसाचे मन त्यावर स्थिर होईना. आपला बाप, आपले मूल संतही नव्हते आणि राक्षसही नव्हते. त्यांच्यासाठी प्रार्थना पूर्वापार चालतच होत्या. जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने १९८१ च्या ग्रंथात दाखविले की, 'परगेटरी' हे स्थानवाचक नाम लॅटिनमध्ये बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात अवतरले. १२७४ च्या लिऑन आणि १४३९ च्या फ्लॉरेन्स परिषदांनी या मताला मान्यता दिली. पौर्वात्य चर्चला तो अग्नी मान्य नव्हता. १४७६ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने मृतांसाठीही क्षमापत्रांची सोय केली, आणि शोकाकुल कुटुंबांच्या पैशाने चर्चच्या पेट्या भरू लागल्या. १५१७ मध्ये ल्यूथरने याच व्यवहारावर हल्ला चढविला. ब्राह्मणी श्राद्धाच्या दक्षिणेचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे.

आणखी एक गोष्ट आश्चर्याची आहे. व्यक्तीच्या आत्म्याचे अमरत्व नाकारणाऱ्यांचा औपचारिक धिक्कार रोमन चर्चने केला तो १५१३ साली.

प्रॉटेस्टंटांनी परगेटरी रद्द केली. त्यामुळे मधला आधार गेला आणि केवळ स्वर्ग व अनंत नरक उरला. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात हे ओझे असह्य झाले. १८५३ मध्ये एफ. डी. मॉरिस यांनी 'अनंत' म्हणजे न संपणारा काळ नव्हे असे लिहिले, म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजातील त्यांचे अध्यापकपद गेले. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, अनंत शिक्षेवर विश्वास ठेवण्याचे कायदेशीर बंधन इंग्लंडच्या चर्चमधील धर्मोपदेशकांवर नाही. त्याविरुद्ध सुमारे ११ हजार धर्मोपदेशकांनी सह्या केल्या.

ऱ्हिस डेव्हिड्स यांचा जन्म १८४३ चा, आणि तेही एका धर्मोपदेशकाच्या घरी. हा वाद पेटला तेव्हा ते विशीत होते. 'हेल' म्हटले की त्यांच्या वाचकास अनंत शिक्षाच दिसणार, आणि देवदूत सुत्तासारख्या सुत्तांत तर पापकर्म क्षीण होताच निरयातून सुटका सांगितलेली आहे. म्हणून त्यांनी तो शब्द टाळला असावा, असा आमचा तर्क आहे. परंतु परगेटरीत जातो तो आधीच तारलेला, स्वर्गाची निश्चिती असलेला आत्मा. निरयात तसा आत्मा नाही, आणि निरयानंतर स्वर्ग ठरलेलाही नाही.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांनाही आपल्या भाषेत उलट दिशेने हाच त्रास झाला. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात स्वर्गासाठी 'वैकुंठ' आहे. गोव्याचे ख्रिस्ती लोक नरकाला आजही 'यमकोंड' म्हणतात. मराठी बायबलात शेओलसाठी 'अधोलोक' व गेहेन्नासाठी 'नरक' असे दोन शब्द वेगळे राखले आहेत. ही दक्षता वाखाणण्याजोगी आहे.

आम्ही देवदूत सुत्त शिकविताना 'निरय' हा शब्द तसाच ठेवतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, 'नरक' हा शब्द घरोघरी समजतो, मग तो का नको? आम्ही तिला ऑगस्टीनचे प्रकरण वाचावयास दिले. पुढच्या तासाला तिने आपल्या वहीतील 'नरक' खोडून 'निरय' लिहिला होता, आणि समासात एक प्रश्न मांडला होता : आत्मा नाही, तर निरयात जातो कोण? त्या प्रश्नावर पुढील तीन तास गेले.