आयनिक घनपदार्थ

आयनिक घनपदार्थ : विरुद्ध विद्युत्‌भारांचे आयन परस्पर आकर्षणाने जालकात बद्ध होऊन सिद्ध झालेले स्फटिक. मिठात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात, आणि हे बंधन इतके प्रबळ असते की 801° से. तापमानाखेरीज मीठ वितळत नाही. घनावस्थेत आयन जागच्या जागी जखडलेले असल्याने वीज वाहत नाही. वितळताच ती वाहू लागते. आघाताने थर किंचित सरकला की समभारी आयन समोरासमोर येऊन स्फटिक सपाट दुभंगतो.

सुरतेतील कतारगामच्या कारखान्यांत घासला जाणारा हिरा या वर्गातला नव्हे. तो सहसंयुजी बंधांनी जुळलेला कार्बन होय. परंतु ‘अमेरिकन डायमंड’ या (खरे तर फसव्या) नावाने बाजारात मिरविणारा घनीय झिर्कोनिया, म्हणजे त्याची नक्कल, मुख्यतः आयनिकच असून, त्यातील आयनांवरील भार मिठातल्याहून मोठे असल्यामुळे तो सुमारे 2,700° से. ला वितळतो. उष्णतावहनात मात्र तो हिऱ्यापुढे अगदीच मंद. खातरजमा करावयाची तर खड्यावर तोंडाची वाफ सोडावी : हिऱ्यावरची तत्काळ उडते, झिर्कोनियावरची रेंगाळते. तराजूही चुगली करतो, कारण समान आकाराचा झिर्कोनियाचा खडा हिऱ्याच्या दीडपटीहून अधिक जड भरतो.